शाळेपासून बेदाण्याच्या शेडपर्यंत

दहावीचा निकाल लागला की सांगली जिल्ह्यातल्या घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो, आणि त्याची उत्तरेही आधीच ठरलेली असतात. नव्वदीच्या घरात गुण असतील तर सायन्स, सत्तर-ऐंशी असतील तर कॉमर्स, त्याखाली आर्ट्स, आणि आणखी खाली राहिलेल्या मुलाबद्दल पाहुण्यांनी विचारले तर आवाज थोडा उतरवून सांगायचे, की आयटीआयला घातले आहे. वास्तविक इलेक्ट्रिशियनसारख्या ट्रेडला प्रवेश मिळवायला चांगले गुण लागतात, पण ही उतरंड वस्तुस्थितीवर उभी राहिलेली नसल्यामुळे वस्तुस्थितीने ती हलतही नाही. मुलाचे मन कशात रमते आणि त्याचे हात कशात चालतात, हे या क्रमवारीत कोणी विचारत नाही. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली आणि तिचे अहवालही मुलांच्या हाती दिले. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक घरांत तो अहवाल गुणपत्रिकेमागे ठेवून दिला गेला आणि प्रवेश गुणपत्रिकेवरूनच ठरला.

मी तासगाव भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझ्यासमोर बसणारी मुले द्राक्षबागायतदारांची आहेत, ऊसवाल्यांची आहेत, आणि बेदाण्याच्या शेडवर रोजाने जाणाऱ्या आयांचीही आहेत. अकरावी-बारावी या दोन वर्षांना स्वतःचे काही मोल आहे असे या मुलांना वाटत नाही, कारण त्यांना तसे कोणी वाटू दिलेले नाही. नीट, जेईई आणि सीईटी यांच्या आधीचा तो एक थांबा असतो. ज्यांना परवडते ती मुले सांगलीला, लातूरला किंवा थेट कोटाला शिकवणीसाठी जातात आणि नाव तेवढे कुठल्यातरी महाविद्यालयाच्या पटावर राहते. ज्यांना परवडत नाही ती माझ्या वर्गात असतात. प्रवेशपरीक्षेत यश आले तर पुढची वाट मोकळी होते. नाही आले तर बी.एस्सी., आणि बी.एस्सी.नंतर पुन्हा एखादी स्पर्धापरीक्षा. या सगळ्या प्रवासात शाळा, महाविद्यालय आणि पोटापाण्याचे काम या तिघांची एकमेकांशी कधीच गाठ पडत नाही. ती कशी घालता येईल याचा विचार मी बरीच वर्षे करते आहे, आणि त्याचे उत्तर माझ्या विषयाच्या पुस्तकात आणि माझ्या विद्यार्थिनींच्या घरात एकाच वेळी पडलेले आहे, असे मला दिवसेंदिवस अधिक ठामपणे वाटू लागले आहे.

बेदाणा कसा तयार होतो, हे तासगाव, कवठेमहांकाळ किंवा मिरज पूर्व भागातल्या मुलांना शिकवावे लागत नाही. पिकलेली द्राक्षे क्रेटमधून शेडवर आणायची, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल पाण्यात मिसळून केलेल्या द्रावणात ती काही मिनिटे बुडवायची, आणि मग जाळीच्या रॅकवर पसरायची. साधारण पंधरवड्यात बेदाणा तयार होतो आणि चार किलो द्राक्षांमागे सुमारे एक किलो हाती येतो. हे डिपिंग ऑइल म्हणजे मुख्यतः एथिल ओलिएट, म्हणजेच ओलेइक आम्ल आणि एथिल अल्कोहोल यांच्यापासून बनलेले एस्टर. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा एक पातळ थर असतो आणि तो मण्यातले पाणी सहजासहजी बाहेर पडू देत नाही. कार्बोनेट आणि हे एस्टर मिळून त्या थराची घडण अशी बदलतात, की आतले पाणी झपाट्याने उडून जाते. न बुडवलेली द्राक्षे त्याच हवेत सुकवायची म्हटली, तर कितीतरी जास्त दिवस लागतात. अडीच टक्क्यांच्या आसपास कार्बोनेट आणि दीड टक्क्याच्या आसपास ऑइल, हे प्रमाण शेडवरच्या जाणत्या माणसाच्या हातात बसलेले असते. बारावीच्या पुस्तकात एस्टर तयार होण्याची अभिक्रिया आहे. माझी विद्यार्थिनी ती वहीत उतरवते, पाठ करते, तिचे गुण मिळवते, आणि रविवारी आईबरोबर शेडवर जाऊन त्याच एस्टरच्या कॅनमधून माप भरते. वहीतली ओळ आणि कॅनमधले तेल ही एकच गोष्ट आहे, हे तिला ना पुस्तक सांगते, ना शेडमालक.

बागेतही तसेच आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड निघाले, की त्यांची लांबी वाढावी आणि पुढे मणी फुगावा म्हणून जिबरेलिक आम्लाच्या फवारण्या होतात; बागेत सगळे त्याला जीए म्हणतात. दहा पीपीएम म्हणजे लिटरला दहा मिलिग्रॅम, म्हणजे पाचशे लिटरच्या टाकीला पाच ग्रॅम. ती पावडर पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून ती आधी अल्कोहोलमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवून घेतात आणि मग टाकीत ओततात. द्रावणाची संहती कशी मोजायची आणि कोणता पदार्थ कशात विरघळतो, ही दोन्ही प्रकरणे मी वर्गात शिकवते, आणि दोन्ही ठिकाणी पुस्तकातली उदाहरणे मुलांनी कधी न पाहिलेल्या पदार्थांची असतात. डाऊनी रोग कोणत्या हवेत का पसरतो, हा जीवशास्त्राचा विषय आहे. युरोपला द्राक्षे पाठवायची तर औषधांचे अवशेष ठरावीक मर्यादेच्या आत असल्याचा प्रयोगशाळेचा दाखला लागतो, बागेची नोंद अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत असावी लागते आणि कागदपत्रे इंग्रजीत भरावी लागतात. सौद्यात दर कसा निघतो, कोल्ड स्टोरेजचे भाडे किती महिने परवडते, पीककर्जाचे व्याज कसे वाढत जाते, हा सरळसरळ वाणिज्य शाखेचा अभ्यास आहे. एका पिकाभोवती सायन्स, कॉमर्स आणि भाषा अशा तिन्ही शाखा गोळा झालेल्या आहेत, आणि तरीही आमच्या वेळापत्रकात त्या एकमेकींच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत.

शाळेतला अभ्यास एखाद्या व्यवसायाभोवती गुंफावा, महाविद्यालयाची तयारी आणि कामाची तयारी एकाच मुलाला एकाच वेळी द्यावी, या विचारावर अमेरिकेत बरेच काम झालेले आहे. १९६९ साली फिलाडेल्फियाच्या एका हायस्कुलात विजेच्या कामाभोवती बांधलेला पहिला असा वर्ग सुरू झाला. त्याला ‘करिअर अकॅडमी’ म्हणू लागले आणि पुढे १९८१ पासून कॅलिफोर्नियाने ही कल्पना उचलली. त्याच राज्यात नंतर जेम्स आयर्व्हिन फाउंडेशनच्या पाठबळावर ‘लिंक्ड लर्निंग’ नावाची मोठी सुधारणा उभी राहिली आणि २००९ पासून ती नऊ शालेय जिल्ह्यांत पद्धतशीरपणे राबवली गेली. विद्यापीठात प्रवेश मिळेल इतका कसून अभ्यास, त्याला जोडून व्यवसायाचे तांत्रिक शिक्षण, प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकणे, आणि मागे पडणाऱ्या मुलाला हात देणारी माणसे, या चारांपैकी एकही वगळायचे नाही असा तिचा आग्रह आहे. नऊ जिल्ह्यांत लॉस एंजेलिस आणि ओकलंडसारखी महानगरे होती, तसे पोर्टरव्हिलसारखे संत्र्यांच्या बागांमधले शेतकी गावही होते. या गावाचे मला विशेष अप्रूप वाटते, कारण ते कॅलिफोर्नियाच्या ज्या मधल्या खोऱ्यात आहे, त्याच खोऱ्यात फ्रेस्नोच्या आसपास तिथला बेदाणा पिकतो. आमच्या तालुक्यात ज्याला नुसते ‘थॉमसन’ म्हणतात, ते वाणही विल्यम थॉमसन यांनी १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात रुजवले, आणि त्याच थॉमसनमधून निवड करून तासगावच्या शेतकऱ्याने ‘तास-ए-गणेश’ काढले. वाण तिकडून आणून आपल्या मातीत सुधारून घेता आले, तर शिक्षणातला एक चांगला विचारही तसाच पारखून, छाटून घेता येईल, असे मला वाटते.

मात्र हा विचार पालकसभेत मांडला, तेव्हा एका वडिलांनी उभे राहून जे म्हटले ते मी विसरू शकत नाही. ते म्हणाले, “बाई, पोरगं शेडवर राबतंयच की. शाळेतबी तेच शिकवायचं असलं, तर शाळेत घालायचं कशाला?” या प्रश्नात अडाणीपणा नाही, त्यात कित्येक पिढ्यांचा अनुभव आहे. ज्या घरातला माणूस कष्टातून बाहेर पडला तो पुस्तकाच्या बळावर बाहेर पडला, आणि ज्यांना ‘तुम्हाला हातकामच शोभते’ असे सांगितले गेले ते तिथेच राहिले. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमचा विचार मांडला गेला, तेव्हा हस्तोद्योगाला शिक्षणाचे माध्यम करण्याची कल्पना मूळातच खोल होती. तरीही ती फार पसरली नाही, आणि याचे एक मोठे कारण मला हेच दिसते, की गरिबांच्या मुलांसाठी चरखा आणि श्रीमंतांच्या मुलांसाठी इंग्रजी शाळा, अशी वाटणी होईल ही भीती लोकांच्या मनातून गेली नाही. श्रीमंतांनी आपली मुले नई तालीमच्या शाळेत घातली असती, तर ती भीती गेली असती. त्यांनी घातली नाहीत.

त्या वडिलांना उत्तर द्यायचे तर नुसत्या भावनेने देता येत नाही, म्हणून मी इथे एका अभ्यासाचा आधार घेते. एमडीआरसी या अमेरिकी संशोधन संस्थेने तिथल्या नऊ हायस्कुलांमधल्या करिअर अकॅडमींचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. प्रवेशासाठी अर्ज जागांपेक्षा जास्त होते, त्यामुळे कोणाला प्रवेश मिळाला आणि कोणाला नाही हे सोडतीने ठरले, आणि म्हणून दोन्ही गटांची तुलना विश्वासाने करता आली. हायस्कूल संपल्यानंतरच्या आठ वर्षांत अकॅडमीत गेलेल्यांची कमाई सरासरीने सुमारे ११ टक्क्यांनी अधिक राहिली. दुसरा निष्कर्ष पालकांच्या दृष्टीने त्याहून मोलाचा आहे: पुढचे शिक्षण पूर्ण करण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही. म्हणजे अकॅडमीने मुलांना महाविद्यालयाकडे जास्त ढकलले नाही, पण कामाशी ओळख झाली म्हणून महाविद्यालयाची वाटही बंद झाली नाही. शेडवर राबणे आणि शेडमधल्या रसायनाचा, हिशेबाचा, व्यापाराचा अभ्यास करणे यांत जो फरक आहे तो नेमका इथे आहे. पहिल्याने मुलगा आहे तिथेच राहतो. दुसऱ्याने त्याला अन्नतंत्रज्ञानाच्या पदवीकडे जाता येते, कृषी महाविद्यालयाकडे जाता येते, आणि नाही गेला तरी स्वतःच्या शेडचा मालक म्हणून तो जास्त जाणता असतो.

कष्ट आणि शिक्षण यांना एकत्र नांदवण्याची गोष्ट आपल्या भागाला परकी नाही, हेही इथे म्हणायला हवे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली, १९२४ साली ते साताऱ्याला आले आणि तिथे त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे वसतिगृह चालवले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. मुलांनी स्वयंपाक करायचा, शेतात खपायचे, बांधकामावर हात लावायचा आणि शिकायचे. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हा त्याचा प्राणच होता. भाऊराव स्वतः काही काळ किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरलेले होते. ज्यांचा नांगर ते विकत होते ते लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवणारे शिक्षक होते, आणि १९१० साली औंध संस्थानातल्या उजाड माळावर त्यांनी जो कारखाना उभारला, त्याभोवतीची वसाहत आजही आमच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी म्हणून नांदते आहे. शिक्षक कारखानदार होतो आणि नांगर विकणारा शिक्षणमहर्षी होतो, अशी ही माणसे होती.

‘कमवा आणि शिका’ ने हजारो घरांतल्या पहिल्या पिढीला पदवीपर्यंत नेले, आणि त्या ऋणाची जाणीव ठेवूनच मी पुढचे लिहिते आहे. त्या योजनेत श्रमाने शिक्षणाचा खर्च भागत होता आणि श्रमाची लाज जात होती, पण श्रम हा स्वतः अभ्यासाचा विषय नव्हता. मुलगा सकाळी विहिरीवर पाणी ओढायचा आणि दुपारी पदार्थविज्ञानाच्या तासाला बसायचा; विहिरीवरच्या रहाटाचे पदार्थविज्ञान त्या तासाला येईलच असे नव्हते. आज आपल्याला ती पुढची पायरी चढायची आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून व्यवसायांची ओळख, दप्तराविना दहा दिवस आणि २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय असे उद्दिष्ट ठेवले होते. त्याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेतला अंदाजही दिलेला आहे, की १९ ते २४ वयोगटातल्या भारतीय कामगारांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले पाच टक्क्यांहूनही कमी होते, तर हेच प्रमाण अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के होते. हे आकडे वाचून मला खानापूर-आटपाडीची मुले आठवतात. त्या भागातले गलाई व्यावसायिक देशभरातल्या सराफ बाजारांत सोने शुद्ध करण्याचे काम करतात, आणि दहावी झालेला पुतण्या काकाच्या दुकानात राहून नायट्रिक आम्लात चांदी कशी विरघळते आणि सोने कसे मागे राहते हे दोन-तीन वर्षांत शिकून घेतो. ते शिक्षण नाही तर काय आहे? मात्र त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही, त्याचे श्रेयांक कुठल्याच विद्यापीठात जमा होत नाहीत, आणि त्या आम्लाच्या वाफेपासून फुप्फुसे कशी वाचवायची हे त्याला कोणी शास्त्रशुद्ध सांगत नाही.

जोडणारे जिने काही ठिकाणी आधीपासून आहेत, पण ते मुलांना दाखवले जात नाहीत. दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड पूर्ण केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, आणि डिप्लोमा झालेल्याला अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात. म्हणजे दोन, दोन आणि तीन अशा सात वर्षांत फिटर झालेला मुलगा इंजिनिअर होऊ शकतो, आणि बारावीच्या वाटेने जाणाऱ्याला लागणाऱ्या सहा वर्षांपेक्षा त्याला एकच वर्ष जास्त लागते, तेही हातात कसब घेऊन. कुपवाड किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत अशा मुलाला पहिल्या दोन वर्षांनंतर कधीही कामाला उभे राहता येते. अकरावी-बारावीला द्विलक्षी अभ्यासक्रम आहेत, त्यांत एखादा व्यवसाय विषय दोनशे गुणांसाठी घेता येतो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, आणि तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय राज्यातल्या अनेक शाळांनी स्वीकारला. त्यात मुले आठवड्यातला एक दिवस शेती, यंत्रकाम, ऊर्जा, आरोग्य यांची खरी कामे गावासाठी करतात. दहावीच्या वर्गशिक्षकाला ही माहिती नेटकी असती आणि ती सांगायला त्याला एक तासिका मिळत असती, तर कित्येक मुलांचे जून महिने वेगळे गेले असते.

आता विस्ताराबद्दल बोलते, कारण चांगल्या योजना आपल्याकडे पसरतानाच पातळ होतात. एका शाळेत एखाद्या ध्यासवेड्या शिक्षकाने जे उभे केलेले असते, ते परिपत्रकातून हजार शाळांत जाते, तेव्हा त्यातले साहित्य जाते, नावे जातात, अहवालाचे नमुने जातात, आणि ज्यामुळे ते चालले होते ते मागेच राहते. कॅलिफोर्नियातल्या सुधारणेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग कोणत्याही यंत्रसामग्रीचा नाही. एका व्यवसायवाटेवरची मुले भाषा, गणित, विज्ञान हे विषय एकत्र शिकतात, आणि त्यांना शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांना एकत्र बसून पाठ आखण्यासाठी वेळापत्रकातच वेळ दिलेला असतो. आमच्याकडे मी आणि अर्थशास्त्राचे सर एकाच स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षे डबा खातो, पण बेदाण्यावर एक संयुक्त पाठ घ्यायचा म्हटले, तर त्याला आमच्या कार्यभारात जागा नाही. व्यवसाय विषयाचे प्रशिक्षक पुष्कळ ठिकाणी बाहेरच्या संस्थेमार्फत कंत्राटावर येतात, त्यांचा पगार कधी होईल याचा भरवसा नसतो, आणि स्टाफरूममध्ये त्यांची खुर्चीसुद्धा ठरलेली नसते. ज्याला शाळा स्वतःचा मानत नाही, त्याचा विषय मुलांनी मनापासून घ्यावा अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

दुसरी गोष्ट कामाच्या जागेची. मुलाला शेडवर, कारखान्यात, हळदीच्या पेढीवर किंवा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पाठवायचे, तर तिथल्या माणसाला आधी जाऊन भेटणारा, त्याच्याकडून काय शिकवून घ्यायचे ते ठरवणारा, मुलाला नुसते झाडायला लावले तर भांडणारा आणि परत आल्यावर वहीतल्या नोंदी वाचणारा कोणीतरी पूर्ण वेळचा माणूस लागतो. तो शिक्षकाच्या डोक्यावरचा आणखी एक अतिरिक्त कार्यभार होता कामा नये. तालुक्याला असे दोन-तीन जण पगारी नेमले, तरी मी या सुधारणेवर विश्वास ठेवीन. ते नेमले नाहीत, तर कितीही सुंदर पुस्तिका छापली तरी ठेवणार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना धोकादायक कामावर लावायला कायद्याची बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात, त्या खोलीच्या आसपासही मूल असता कामा नये, आणि शिकाऊ मूल म्हणजे फुकटचा गडी नव्हे, हे मालकाला लेखी सांगणाराही हाच माणूस असायला हवा. मिरजेत शिकलगारांच्या घराण्यांनी शस्त्रे घडवणारे हात सतारीकडे वळवले, आणि २०२४ साली तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या गल्लीत भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंतचे, म्हणजे तारांना झंकार यावा म्हणून घोडी घासण्यापर्यंतचे, ध्वनिशास्त्र जिवंत आहे, आणि अकरावीचा ध्वनीचा धडा तिथे एक सकाळ घेतला, तर मुलांना तरंगलांबी कायमची कळेल. पण कारागिराची ती सकाळ बुडते, त्याचा मोबदला कोणी द्यायचा, हे ठरलेले असले पाहिजे.

तिसरी गोष्ट तारखांची, आणि ती मुंबई-पुण्यात बसून कोणाच्या लक्षात येणे कठीण आहे. बेदाण्याचा खरा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल असतो, आणि बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. म्हणजे ज्या दिवसांत शेडवर शिकण्यासारखे सर्वाधिक असते, त्याच दिवसांत बारावीचे मूल परीक्षेच्या वर्गात असते. म्हणून आमच्याकडे शेडवरचे शिक्षण अकरावीची वार्षिक परीक्षा संपल्यावर, हंगामाच्या शेवटच्या आठवड्यांत ठेवावे लागेल, छाटणी आणि जीएच्या फवारण्या दिवाळीच्या आगेमागे घ्याव्या लागतील, आणि सौदे, कोल्ड स्टोरेज, प्रयोगशाळेतली अवशेष तपासणी ही कामे उरलेल्या वर्षात विखुरता येतील. साताऱ्याकडे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम वेगळा, कराडकडच्या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम वेगळा. एकच राज्यव्यापी वेळापत्रक काढले, तर ते कुठल्याच तालुक्याला नीट बसणार नाही; ठरावीक तासांची आणि ठरावीक गुणवत्तेची अट राज्याने घालावी आणि महिने तालुक्यावर सोडावेत.

मुलींचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण सगळी योजना तिथेच अडते. एमडीआरसीच्या ज्या अभ्यासाचा मी उल्लेख केला, त्यातही कमाईतली ठळक वाढ मुख्यतः तरुण मुलग्यांमध्ये दिसली. मुलींमध्ये ती तशी दिसली नाही. आमच्याकडे तर त्या आधीच्याच पायरीवर थांबतात. माझ्या वर्गात रसायनशास्त्रात सर्वांत चलाख असणाऱ्या मुली आसपासच्या खेड्यांमधून एसटीने येतात. त्यांना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास मिळतो, आणि त्या पासानेच त्यांचे शिक्षण टिकले आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो पास गाव ते शाळा एवढ्यापुरताच चालतो. तासगावच्या कोल्ड स्टोरेजवर किंवा सांगलीच्या तपासणी प्रयोगशाळेत आठवड्यातून एक दिवस जायचे, तर तिकिटाचे पैसे घरातून मागावे लागतात, परतीची गाडी अंधार पडायच्या आत आहे का हे पाहावे लागते, आणि या दोन्हींपैकी एकालाही नकार मिळाला तर मुलगी ‘मला त्यात रस नाही’ असे सांगून मोकळी होते. तिचे हे वाक्य मग आपल्या अहवालात तिची निवड म्हणून नोंदवले जाते.

म्हणून नव्या अभ्यासक्रमाची मागणी करण्याआधी मी आमच्या महाविद्यालयाच्या वतीने आगारप्रमुखांना द्यायच्या अर्जाचा मसुदा तयार केला आहे. मुलींच्या पासावर गाव आणि महाविद्यालय यांच्या जोडीला कामाच्या जागेचेही नाव असावे, आणि आठवड्यातून त्या एका दिवशी सायंकाळी पाचनंतरची एक फेरी आमच्या फाट्यावरून जावी, एवढ्या दोनच मागण्या त्यात आहेत. प्राचार्यांची सही झाली आहे, आणि पुढच्या आठवड्यात शालेय समितीच्या बैठकीत तो अर्ज पहिल्या क्रमांकाचा विषय म्हणून यावा, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.